आप्पांची दहा मिनिटं

तीस वर्षांच्या शेळ्यांच्या धंद्यात माझ्याशी घासाघीस न करता शेळी घेऊन गेलेला माणूस एकच. त्याचा मला कितीतरी दिवस राग होता.

धाराशिवच्या बाजारात भर उन्हात ते आले. पांढरा फुलशर्ट, खिशाला पेन, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. वाकले की गळ्यातली लिंगाची चांदीची डबी शर्टाबाहेर यायची आणि ते ती पुन्हा आत सारायचे. दुधाची शेळी हवी म्हणाले. मी एक काळी, कबऱ्या कानांची शेळी पुढे केली. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. इथवर ठीक, हे मीही करतो. मग त्यांनी तिचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं.

"तिथं काय बघता आप्पा?"

"काय न्हाय. सवय हाय."

मी नेहमीसारखा वाढवून भाव सांगितला. गिऱ्हाईक ओढणार, म्हणून आपण ताणून ठेवायचं, ही बाजाराची रीत. त्यांनी खिशातून पैसे काढले आणि माझ्या हातात दिले.

"अहो, काही कमी-जास्त करायचं न्हाय का?"

"तुम्हीच सांगितला ना भाव?"

"सांगितला की."

"मग?"

दोरी धरून ते निघूनही गेले. गिऱ्हाइकाला मीच लुटलं होतं, पण दिवसभर मला वाटत राहिलं की लुटला गेलो तो मीच. संध्याकाळी जेवतानाही बायकोला म्हणालो, "येडं हाय का शहाणं, काय कळंना."

ते कोण हे मला पुढे कळलं आणि कळलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. दत्तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माय गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला मी वाढवलं. ट्रकवर लागला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. नळदुर्गच्या बाजूला कुठल्याशा ढाब्यावर थकवा जावा म्हणून चहातून डोडा घ्यायला शिकला. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचा भुगा. त्यानंतर दुखण्याच्या कॅप्सुली आल्या, मग दुखणं नसतानाही कॅप्सुली आल्या. ट्रक सुटला. घरी येऊन बसला. आणि एके दिवशी माझ्या दोन गाभण शेळ्या दावणीवर नव्हत्या.

मी पोलीस ठाण्यात गेलो आणि त्याचं नाव सांगितलं. बायको आडवी आली, मी ऐकलं नाही. दोन गाभण शेळ्या म्हणजे काय ते शेळीवाल्यालाच कळतं. शिवाय माझा एक हिशेब होता. तुरुंगात कॅप्सूल कुठून मिळणार? चार महिने आत राहील, सवय आपोआप सुटेल. कोर्टानं जामीन मंजूर केला तरी मी जामीनदार राहिलो नाही. गाव म्हणालं, सख्ख्या भावाला आत घातलं. म्हणणाऱ्यांपैकी एकानंही मायच्या मागं त्याला भाकर दिलेली नव्हती.

दीड महिन्यानं भेटायला गेलो. मला वाटलं होतं वाळून काटकी झाला असेल. जाळीपलीकडे बसला तो भरलेल्या गालाचा, डोळे स्वच्छ, नखं कापलेली. मला बरं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, हितं रोज गोळी देतात. आता कळ येत न्हाय."

माझं डोकं फिरलं. ज्याच्यापासून तोडायला आत घातला, तेच आता सरकार त्याला हातानं भरवतंय. गेटावरच्या शिपायाला म्हणालो, गोळ्या देणाऱ्याला बोलवा.

"आप्पांना? ते दोनला सुटतात. बसा तिकडं सावलीत."

दोनला हातात डबा आणि पिशवीत शेळीसाठी घासाची पेंडी घेऊन बाहेर आले, ते तेच. घासाघीस न करणारे.

तुरुंगाच्या दवाखान्यातले कंपाउंडर होते ते. गाव लोहाऱ्याकडचं, सीमेलगतचं, घरी कानडी. तुरुंगात त्यांना साहेब कोणी म्हणत नसे, कंपाउंडरही म्हणत नसे. कैद्यांपासून जेलरपर्यंत सगळ्यांचे ते आप्पा. समोरच्या चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

"तुम्ही माझ्या भावाला नशा देता."

"औषध देतो."

"फरक काय?"

"नशेला उद्या आजच्यापेक्षा जास्त लागतं. औषधाला रोज तेवढंच." हे त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं असणार, कारण सांगताना ते चहा गार करत होते.

"बंद कधी होणार?"

"ते डॉक्टर मॅडम बघतील, दत्तूराव बघतील. मी न्हाय सांगू शकत. तुम्ही तर न्हायच."

"अंदाजे सांगा. दिवाळीपर्यंत?"

"न्हाय सांगता येत."

"बरं, संक्रांत."

"भाऊ, ह्यात घासाघीस नसती."

आमच्या बाजारात व्यापारी भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, म्हणजे भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. सवयीनं मी खांद्यावरचा रुमाल त्यांच्या हातावर टाकला आणि खालून तीन बोटं दाबली. तीन महिने. त्यांना ती भाषा कुठली येणार? त्यांनी शांतपणे रुमालाखाली माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहात उभे राहिले आणि म्हणाले, "ठोके लई जलद हायत. बीपी तपासून घ्या."

टपरीवाला हसला. मी चहा तसाच ठेवून निघालो.

आप्पांचं आतलं काम मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. जे कळलं ते दत्तूच्या तोंडून, आणि थोडं त्या गेटावरच्या शिपायाकडून. दवाखान्याच्या पडवीत सिमेंटचा बाक होता. सकाळी नऊ वाजता त्यावर नऊ-दहा जण ओळीनं बसायचे. आप्पा गोळी अख्खी देत नसत. अख्खी गोळी गालात दाबून बाहेर नेता येते, विकता येते. ते खलात तिची पूड करायचे आणि चिमूटभर प्रत्येकाच्या जिभेखाली ठेवायचे. ती आपोआप विरघळायला हवी, गिळली तर वाया. म्हणून दहा मिनिटं बोलायचं नाही आणि थुंकी गिळायची नाही.

अख्ख्या तुरुंगात तोंड चालवणारी ही माणसं. एक जण तर म्हणे जेलरला उभ्याउभ्या कायदा शिकवायचा. ते सगळे तोंड मिटून, मान जरा खाली घालून बसायचे, आणि त्या दहा मिनिटांत बोलायचे एकटे आप्पा. मधेमधे कानडीत आकडे मोजत. दहावं मिनिट संपलं की एकेकासमोर जाऊन म्हणायचे, "जीभ वर." चष्मा नाकावर ओढून नीट बघायचे. पूड विरघळलेली असली की म्हणायचे, "साकु." म्हणजे कानडीत पुरे. आत कोणाला दुसरा कानडी शब्द येत नव्हता, पण साकु सगळ्यांना येत होता. जेवताना भाजी वाढणाऱ्यालाही ते साकु म्हणायचे.

ह्या दहा मिनिटांत एका गोष्टीला बंदी होती, खाण्याच्या विषयाला. एकदा बंदोबस्ताचा एक हवालदार बाकाजवळ उभा राहून कैरी कापायला लागला, मीठ-मिरची घेऊन. नऊच्या नऊ जणांच्या तोंडाला पाणी सुटलं. गिळता येईना, थुंकता येईना. आप्पांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "हवालदारसाहेब, कैरी बाहेर. माझं औषध वाहून चाललंय." हवालदार कैरीसकट बाहेर गेला आणि मग तिथून ओरडला, "आप्पा, चिंच चालंल का?" बाकावरचे सगळे नाकातून हसले. तोंड उघडायची सोय नव्हती.

त्या हवालदाराच्याच तोंडात एकदा गर्दुल्ला हा शब्द आला. आप्पा म्हणाले, "पेशंट म्हणा. मला शुगर हाय. मला कुणी साखरखाऊ म्हणतं का?"

बोलायला त्यांच्याकडे विषय एकच, त्यांची शेळी. तिला ते अक्का म्हणायचे. अक्कानं काल शेजारणीची साडी चावली, अक्काला पावसाचा राग आहे, अक्का डाव्या बाजूनं धार काढू देत नाही. दत्तू महिनाभर ऐकत होता. एके दिवशी ते म्हणाले, तिच्या उजव्या कानाला लहानपणची चीर आहे. दत्तूनं हात वर केला. आप्पांनी बोट ओठावर ठेवलं. उरलेली सहा मिनिटं तो हात वर धरूनच बसला. साकु झाल्यावर म्हणाला, "आप्पा, ती आमची हाय. तो कान कुंपणात अडकून फाटला, म्याच सोडवलं तिला. डाव्या अंगाला बसून न्हाय, उजव्या अंगाला बसून धार काढा."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सगळ्या बाकाला सांगितलं, "दत्तूरावांमुळं पावशेर दूध वाढलं." आयुष्यात माझ्या भावाचं नाव दूध वाढण्याशी पहिल्यांदाच जोडलं गेलं होतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा माणूस तारीख देत नाही. तारीख न देणारा माणूस एक तर लबाड असतो, नाहीतर त्याला माल खपवायचा असतो. मग मी सौदा दत्तूशीच केला. पुढच्या भेटीला म्हणालो, "गोळी सोड. सोडलीस की मी जामीन राहतो. न्हाय सोडली तर बस हितंच. मायची शप्पथ हाय तुला."

त्यानं जाळीत बोट अडकवलं. मग म्हणाला, "बरं दादा."

मी खुशीत घरी आलो. दहा-बारा दिवसांनी कागद करू असं ठरवलं.

पाचव्या दिवशी भूमच्या बाजारात मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. गर्दीतून पांढरा शर्ट आला. आप्पा एसटीनं एवढ्या लांब आले होते, रजा टाकून. घामानं कपाळाचं भस्म ओघळलं होतं. मी त्यांना कडब्याच्या ढिगाच्या सावलीला नेलं.

"दत्तूराव म्हणाले, दादाला सांगा, म्हणून सांगतो. एरवी पेशंटचं मी घरी बोलत न्हाय," त्यांनी सुरुवातच अशी केली. "चार दिवस झाले, औषध नको म्हणतात. जबरदस्ती करता येत न्हाय. पण रोज नऊला येऊन बाकावर बसतात. रिकाम्या तोंडानं, दहा मिनिटं, गप्प."

"कशाला बसतो?"

"मीबी विचारलं. म्हणाले, तेवढा वेळ बरं वाटतं."

मी रुमाल झटकला, आप्पा सांगत राहिले.

"अंगावर काटा हाय. नाक वाहतंय, जांभया थांबत न्हायत. रात्री झोप न्हाय."

"सोसू द्या की आप्पा. अजून चार दिवस. मग सुटला."

"सोसतील. आत त्यानं काय व्हत न्हाय. मला भ्या बाहेरचं हाय." ते कडब्याची एक काडी मोडत होते. "आमच्याकडं एक होता. घरच्यांना घाई झाली. गोळी सोडली, दीड महिना कोरडा राहिला, सगळ्यांनी शाबासकी दिली. सुटला. बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी गेला. घेतलं ते पूर्वीच्या मापानं घेतलं. माप जुनं, अंग नवं. अंगाला सवय राहिली न्हवती."

त्यांनी आणखी काही सांगायची गरज नव्हती, कारण हे मला ठाऊक होतं. दुष्काळाच्या साली माझ्या शेळ्या महिनोन्‌महिने वाळल्या पाल्यावर होत्या. एक दावं तोडून खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीत शिरली आणि पोटभर खाल्लं. रोज दाणा खाणारी शेळी तेवढी ज्वारी पचवून उभी राहते. ही दिवस मावळायच्या आत फुगून आडवी झाली. ज्वारी तीच होती. अशा तीन शेळ्या मी माझ्या हातानं पुरल्यात. आणि आता जामिनाचा कागद करून मी दत्तूचं दावं सोडणार होतो.

मी खाली बसलो. आप्पाही बसले.

"मग जामीन राहू नको म्हणता?"

"राहा की. आजच राहा. अट काढा."

"शप्पथ घातलीय मायची."

"तुम्हीच घातलीय. सुटली तुम्हीच म्हणू शकता. मी दोन दिवस म्हणून बघितलं, ते म्हणतात, आप्पा तुमचं चालत न्हाय."

"बरं, सुटली."

"हितं नगं भाऊ. त्यांच्या तोंडावर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढी धावपळ करून आलेला माणूस अडलेला असतो आणि अडलेल्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं, हे माझ्या हाडात आहे. म्हणालो, "म्हणतो. पण तारीख द्या. दोन वर्षं म्हणा, चालंल. पण एक तारीख द्या."

आप्पांनी माझ्या खांद्यावरचा रुमाल घेतला. स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. मी खालून हात घातला. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता माझा हात धरून बसले.

"मला ह्यातलं काय कळत न्हाय," ते म्हणाले. "तारीख माझ्याकडं खरंच न्हाय. असती तर तुम्हाला आधी दिली असती."

गिऱ्हाईक तिकडून हाका मारत होतं. मी हात सोडला नाही. भाव न ठरता दिलेला तो माझा पहिला हात.

दुसऱ्याच दिवशी भेटीची परवानगी मिळाली. दत्तूचे ओठ फुटले होते, दंडावरचा काटा जाळीतूनही दिसत होता. मी म्हणालो, "सुटली."

"काय?"

"मायची शप्पथ. सुटली."

तो माझ्याकडे संशयानं बघायला लागला. मी कुठलीही गोष्ट फुकट सोडत नाही हे त्याला माहीत आहे. "आणि जामीन?"

"तोबी राहतो. गोळी घे, न्हायतर तुझं थोबाड फोडीन."

"तीनदा म्हण," तो म्हणाला. लहानपणी खेळताना शपथ सोडवायची ती तीनदा म्हणूनच. शेजारी पहाऱ्याला तोच कैरीवाला हवालदार उभा होता, त्याच्यासमोर मी तीनदा सुटली म्हणालो. दत्तूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मोठी जांभई आली. ती संपल्यावर तो हसला.

तो सुटला त्या दिवशी आप्पांची ड्युटी दोनला संपली होती. दत्तू बाहेर आला साडेचारला. आप्पा गेटापाशी पाकीट घेऊन उभे. अभिनंदन नाही, उपदेश नाही. "उद्या सकाळी नऊ, सिव्हिल हॉस्पिटल. ह्या पाकिटात मॅडमची चिठ्ठी हाय. चला, खिडकी दाखवतो."

"सिव्हिल मला माहीत हाय आप्पा," मी म्हणालो.

"तुम्हाला असंल. ह्यांना विचारायला लागू नये. रस्ता विचारत फिरलं की माणूस भलतीकडंच पोचतो."

आम्ही तिघं पायी निघालो. एसटी स्टँडजवळ आप्पा कसलंही कारण न सांगता दत्तूच्या स्टँडकडच्या बाजूला आले आणि स्टँड मागे पडेपर्यंत त्या बाजूनं चालले. दत्तूनं तिकडे मान वळवली की मधे त्यांचा पांढरा शर्ट. सिव्हिलची खिडकी तेव्हा बंद होती. त्यांनी बंद खिडकी दाखवली, तिथल्या बाकावर दत्तूला एकदा बसवलं, उठवलं आणि मग घरी गेले. अक्काची धार राहिली होती.

ह्याला आता दोन वर्षं होत आली. सिव्हिलच्या जवळ पडावं म्हणून दत्तूला मी धाराशिवच्या गोठ्यावर ठेवलाय. मधे डॉक्टरांनी गोळी कमी केली, मग त्याला जड गेलं तेव्हा पुन्हा वाढवली. मी भांडायला गेलो नाही. शेळ्या तोच बघतो. दुपारी लिंबाखाली घोरत पडतो. सुरुवातीला मी हातातलं काम टाकून त्याची छाती हलते का बघायला जायचो. आता त्याच्या घोरण्याला शिव्या देतो. केस अजून चालू आहे. फिर्यादी मी, जामीनदारही मी, आणि वकील मला बघून हसतात. त्या दोन गाभण शेळ्या मी विसरलेलो नाही. भांडण झालं की काढतो. तोही म्हणतो, काढ.

आप्पा निवृत्त झाल्याचं आम्हाला कळलंच नाही. एके सकाळी दत्तूचं औषध घेऊन आम्ही सिव्हिलमधून परतत होतो. लोहाऱ्याकडे जाणाऱ्या जीपा लागतात तिथं एका जीपमध्ये मागच्या बाजूला, ट्रंक आणि गाठोड्यांच्या मधे आप्पा बसले होते. मांडीला टेकून अक्का. उजवा कान फाटका. गावी निघाले होते, कायमचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"आप्पा, सांगितलं न्हाय," दत्तू म्हणाला.

"सांगून काय? तुमची खिडकी चालू हाय ना?"

दत्तूनं मान हलवली. जीपच्या मागच्या फळीशी जाऊन त्यानं तोंड उघडलं आणि जीभ वर केली. त्याला गंमतच करायची होती. आप्पांनी गंमत केली नाही. अक्काची मान बाजूला सारली, चष्मा नाकावर ओढला, वाकून नीट पाहिलं, डावीकडून, उजवीकडून.

"साकु."

जीप सुरू झाली. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा भेटायचा नाही, शेवटचं विचारून घ्यावं, अंदाजे का होईना, एखादी तारीख. मी पुढे झालो आणि तोंड उघडलं. आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जीभ वर," ते म्हणाले.

सगळ्या बाजारात मला ओळखतात. तरी मी केली.